वाजवणाऱ्याची पंगत शेवटची

मंडळी, ह्या वीकांताला जरा भांडायचं आहे. कोणाशी? तर माझ्याच बिरादरीशी. म्हणजे दिवसभर कोड पाडायचा, कानात महागातले हेडफोन, आणि जॅझचा विषय निघाला की लगेच नावांची यादी सुरू! माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन, पार्कर, आर्मस्ट्राँग. 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ चा, हे तोंडपाठ. कुठल्या प्रतीत आवाज जास्त 'खुला' येतो यावर तासभर वाद. पण समोर जिवंत माणूस वाद्य घेऊन उभा राहिला, की ह्यातल्या निम्म्यांच्या माना मोबाइलमध्ये.

आधी माझी ओळख, म्हणजे शिव्या नेमक्या पत्त्यावर पोचतील. मी तीर्थपुरीचा. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. पोट सॉफ्टवेअरवर भरतं, आणि शनिवार-रविवारी तीन मित्रांबरोबर सॅक्सोफोन वाजवतो. पैसे मिळाले तर मी जॅझ म्युझिशियन, नाही मिळाले तर घरच्यांच्या भाषेत "त्याचा तो भोंगा". आमच्या भागात क्लॅरोनेट आणि ट्रंपेट ही 'बँडवाल्यांची' वाद्यं. चांगल्या घरच्या पोरांनी हात लावायची नाहीत. त्यामुळे जॅझ आणि वरात ही दोन टोकं माझ्या डोक्यात कधी वेगळी झालीच नाहीत. ती वेगळी नाहीतच, हेच आज सांगायचंय.

मुद्दा सरळ आहे. थोरांना ऐकणं म्हणजे नेमकं काय, हे त्या थोरांनीच करून दाखवलंय. आपण करतो ते ऐकणं नव्हे, तो साठा आहे. आणि हा साठा करता करता, आपल्या दारात वाजवणारा माणूस आपण उपाशी मारतोय.

आता पहिला आक्षेप येणारच. "तीर्थपुरीचा आणि जॅझचा काय संबंध रे बाबा?" संबंध आहे, आणि तो आपल्याच कानातून गेलाय.

पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेला रामचंद्र नरहर चितळकर नावाचा मुलगा विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकला आणि पुढे सी. रामचंद्र झाला. 'शहनाई' (१९४७), 'अलबेला' (१९५१), 'आशा' (१९५७) ह्या सिनेमांची गाणी मराठवाड्यातल्या कुठल्या लग्नात वाजली नाहीत ते सांगा! आता त्यातली तालवाद्यं आणि ट्रंपेट जरा कान देऊन ऐका. तो आवाज पुणतांब्याचा नाही. अण्णांच्या (सी. रामचंद्रांना सगळे अण्णाच म्हणत) ताफ्यात चिक चॉकलेट होते. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं आल्दोना. मुंबईच्या ताज हॉटेलात बँड चालवणारे, आणि आर्मस्ट्राँगवर इतका जीव की लोक त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. 'अलबेला'मध्ये ते आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. भगवानदादा नाचतायत, मागे जॅझचा बँड वाजतोय, आणि आख्खा महाराष्ट्र डोलतोय. म्हणजे आपल्या आजोबांनी जॅझ ऐकला होता. फक्त त्याला जॅझ म्हणतात हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

बरं, चिक चॉकलेटपर्यंत तरी हा आवाज कसा पोचला? इथे 'ऐकणं' ह्या शब्दाचा खरा अर्थ लागतो. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमध्ये वाजवायला आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. शिकागोत नाव काढलेला माणूस, शांघायमार्गे मुंबईत पोचला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. ह्या वेदरफर्डच्या बँडमध्ये कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रंपेट वाजवायचे.

गोव्याच्या ह्या मुलांचं शिक्षण झालं होतं चर्चच्या शाळेत. तिथे पाश्चात्त्य नोटेशन पक्कं करून घेत. कागद समोर ठेवला की कुठलीही धून तंतोतंत वाजवणार! पण जॅझमधली निम्मी गोष्ट कागदावर नसतेच. सूर किंचित उशिरा टाकायचा, तो कुठे घासायचा, कुठे गप्प बसायचं, हे कोण लिहून देणार? ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून कानानेच उचलावं लागतं. कागद वाचण्यात तरबेज असलेल्या ह्या पोरांनी कागद बाजूला ठेवायला शिकून घेतलं. रोज रात्री, लोक नाचत असताना, नोकरीवर. ह्याला मी थोरांना ऐकणं म्हणतो.

अमेरिकेतही वेगळं काही घडलं नाही. चार्ली पार्कर पंधरा-सोळा वर्षांचा असताना कॅन्सस सिटीत मोठ्या वादकांबरोबर वाजवायला उभा राहिला आणि मधेच भरकटला. ड्रमर जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. म्हणजे "उतर खाली". पुढच्या उन्हाळ्यात, १९३७ मध्ये, हा पोरगा ओझार्क डोंगरातल्या एका रिसॉर्टवर नोकरीला गेला. जाताना काउंट बेसीच्या रेकॉर्डी घेऊन गेला, आणि त्यातले लेस्टर यंगचे सोलो सुरासुराने बसवले. परत आला तेव्हा लोकांना ओळखू येईना. किती रेकॉर्डी होत्या त्याच्याकडे? मोजक्याच! आपल्या खिशातल्या फोनवर आज लाखो गाणी आहेत, आणि त्यातला एक सोलो गुणगुणून दाखव म्हटलं तर आपली बोबडी वळते.

सनी रोलिन्सचं तर विचारूच नका. १९५९ मध्ये नाव शिखरावर असताना जाहीर वाजवणं बंद केलं आणि दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटा रियाझ करत बसला. पुढे हाच माणूस मुंबईत पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेला, आणि १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त मुंबईकरांसमोर वाजवला. पूल, आश्रम, मांडव, जागा कुठलीही असो. शिकणं संपत नाही ह्याला म्हणतात.

मी स्वतः वाजवतो म्हणून एक आतली गोष्ट सांगतो. स्टेजवर उभं राहिलं की वाजवण्यापेक्षा ऐकण्याचंच काम जास्त असतं. बारा बारचा ब्लूज असतो, तीन कॉर्ड, सगळ्यांना पाठ. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ते एक छोटंसं फ्रेमवर्क आहे, आत काय भरायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण पियानोवाल्याने एखादी कॉर्ड वेगळी टाकली आणि मी माझंच घोडं दामटत राहिलो तर गाणं तिथेच मेलं. ड्रमवाला माझा श्वास ऐकतो, मी त्याचा हात बघतो. थोरांच्या रेकॉर्डी ऐकायच्या त्या यासाठी. त्यांनी काय वाजवलं ह्यापेक्षा, त्यांनी शेजारच्याचं काय ऐकलं म्हणून तसं वाजवलं, हे शोधायला.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. हे म्हणतात, "त्यात काय एवढं? हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच आहे. आपला रागविस्तार म्हणजे जॅझच की!" नाही हो. आपल्याकडे एक राग, खाली तंबोऱ्याचा अखंड षड्ज, आणि त्यावर सुरांची वाढत जाणारी इमारत. जॅझमध्ये खालची जमीनच दर दोन-चार मात्रांनी सरकत असते आणि वरच्याने तोल सांभाळायचा असतो. दोन्हीकडे आयत्या वेळी सुचणं आहे, पण सुचण्याची रीत वेगळी. जॉन कोल्ट्रेनने रविशंकर ऐकले तेव्हा "हे आमच्याकडे आहेच" असं म्हणून तो मोकळा झाला नाही. १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवली, पुढे मुलाचं नाव रवी ठेवलं. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत आला तेव्हा सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसला. मोठी माणसं दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं बदलतात. "आमच्याकडे आधीपासून" हे वाक्य म्हणजे कानावर हात ठेवण्याचा सोज्वळ प्रकार. असो.

आता नावांविषयी. आम्ही कोड लिहितो तेव्हा गिटमध्ये प्रत्येक ओळीवर लिहिणाऱ्याचं नाव राहतं. दहा वर्षांनी एखादी ओळ बिघडली तरी 'गिट ब्लेम' मारलं की कळतं, ही कोणाची करणी. हिंदी सिनेमाच्या गाण्यात अशी सोय असती तर? संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. मग त्या चालीखाली कॉर्ड कुठल्या, व्हायोलिनं कुठे, ट्रंपेट कुठे शिरणार, हे सगळं लिहून काढायचा तो अरेंजर. शंकर-जयकिशनसाठी वर्षानुवर्षं हे काम सेबास्टियन डिसूझांनी केलं. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारा माणूस हा. पण रेकॉर्डीच्या लेबलवर संगीतकार आणि गायक. अरेंजर बहुतेक वेळा गायब, आणि वादक तर कायमचेच.

ह्यातलं सगळ्यात कडू उदाहरण म्हणजे अँथनी गोन्साल्विस. नाव वाचताच तुमच्या डोळ्यांसमोर मोठ्या अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आला ना? खरे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा केला. रागसंगीत आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा एकत्र, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधलं ते गाणं म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार आहे. पण देशाने काय लक्षात ठेवलं? टोपी, छत्री आणि एकडोळी चष्मा. खरे अँथनी २०१२ मध्ये गेले तेव्हा "अरे, हा माणूस खरंच होता?" असं म्हणणारे खूप निघाले. यादीतले थोर पाठ, आणि घरचा थोर म्हणजे एक विनोद. वाह!

"झालं ते झालं, ते जुने दिवस होते", असं म्हणत असाल तर आता चला तीर्थपुरीला.

आमच्याकडे लग्नसराईत नवरदेव मारुतीला निघाला की पुढे हलगी, डफडं, मग बँड. क्लॅरोनेटवाला पुढे, मागे ट्रंपेट, साइड ड्रम, ढोल, झांजा. कोणासमोर कागद नाही. घोडं चिखलात अडलं तर क्लॅरोनेटवाला कडवं लांबवतो. जावईबापू अंगात आल्यासारखे नाचायला लागले की हलगीवाला त्यांच्या पायांकडे बघून ठेका बदलतो. म्हातारी मंडळी समोर आली की अभंगाची चाल धरतो, पोरं आली की सिनेमाची. रस्ता वळला की लय वळते. कोणी म्हणेल हा अडाणी मामला. मी म्हणतो, हीच ती कला. समोरच्याचं ऐकून आयत्या वेळी वाजवणं.

जॅझ तरी कुठून आला? न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरून. मिरवणुका आणि अंत्ययात्रांत वाजणाऱ्या पितळी बँडांमधून. लष्करी बँडांची वाद्यं गरिबांच्या हातात आली आणि त्यांनी ती आपल्या ढंगाने फुंकली. आपल्याकडचे पितळी बँडही साहेबाच्या लष्करी बँडाचीच नक्कल करत सुरू झाले. म्हणजे वंशावळ दोघांची सारखीच. फरक एवढाच की न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरचा पोरगा जगाचा आर्मस्ट्राँग झाला, आणि आपला क्लॅरोनेटवाला लग्नसराई संपली की उसाच्या फडात जातो.

आणि आता डीजे आलाय. ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर, घराच्या काचा थडथडतात, म्हातारे कानात बोळे घालून आतल्या खोलीत. कायदा काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आणि रात्री दहानंतर भोंगे बंद. पाळतंय कोण! पण माझी तक्रार नुसत्या आवाजाची नाही. डीजेला कान नाहीत, फक्त तोंड आहे. घोडं अडलं काय आणि समोरून मयत आली काय, गाणं आपलं चालूच. बँडच्या एका सुपारीत दहा-पंधरा घरं चालायची. डीजेच्या सुपारीत गाडीमालक आणि फार तर दोन पोरं.

लोक म्हणतात, "बँडवाले बेसूर वाजवतात हो." वाजवतात काही जण, मान्य! पण वर्षातले चार महिने काम, वाद्य बापाच्या वेळचं, रीड बदलायला पैसे नाहीत, आणि समोर ऐकणारा कोणी नाही. तुमचा सर्व्हर अशा अवस्थेत एक दिवस तरी चालेल का? दर्जा हवा असेल तर आधी गिऱ्हाईक दर्दी पाहिजे. ताजमध्ये लोकांना चांगला बँड हवा होता, पैसे मोजायची तयारी होती, म्हणून चिक चॉकलेट घडले. पुढे मुंबईत दारूबंदी आली, क्लबांचा धंदा बसला, आणि त्यातले कित्येक वादक पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओत गेले. वादक हवेवर जगत नाही, त्याला सुपारी लागते.

आता खरं दुखणं. हलगी, डफडं वाजवणारे आमच्याकडे बहुतेक मातंग समाजातले. सकाळपासून उन्हात वाजवून वाजवून ओठ सुजतात, हात सोलतात. आणि जेवायची वेळ आली की? सगळे पाहुणे उठले, मग वाजंत्री. तेही मांडवाच्या कडेला, कधी कधी बाहेर. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही, कितीदा. नोट ओवाळून तोंडासमोर धरतील, पण ताटाला ताट लावणार नाहीत. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टन १९२७ पासून वाजवत होता. स्टेजवर काळे, खुर्च्यांवर फक्त गोरे. त्याची जात भाईंना भारी चीड येते, डॉक्युमेंटरी बघून डोळे पाणावतात. मग स्वतःच्या चुलतभावाच्या लग्नात शेवटच्या पंगतीकडे लक्ष का जात नाही?

म्हणून 'परंपरा जपा' असली बडबड मी करणार नाही. ज्यांनी बाबासाहेबांचा विचार ऐकून गावकीची कामं सोडली, हलगी खाली ठेवली, त्यांनी बरोबरच केलं. जन्माने गळ्यात पडलेलं वाजवणं ही कला नव्हे, वेठ आहे. मला हवंय ते उलटं. ज्याला वाजवायचंय त्याने वाजवावं, कुठल्याही जातीच्या पोराने क्लॅरोनेट हातात घ्यावी, आणि वाजवणाऱ्याला कलाकाराचा मान आणि दाम मिळावा. हे अशक्य नाही. सनई दाराबाहेर नौबतखान्यात बसायची, बिस्मिल्ला खाँसाहेबांनी ती मैफिलीत नेली आणि २००१ मध्ये भारतरत्न झाले. सोलापूरच्या जाधव घराण्याने सुंदरीसारखं एवढंसं वाद्य स्टेजवर बसवलं. वाद्य लहान-मोठं नसतं हो. त्याला बसायला कुठे जागा दिली, ह्यावर सगळं ठरतं.

आता यादीवाल्या माझ्या मित्रांनो, तीन साध्या गोष्टी सांगतो. एकही महाग नाही.

पहिली: पुढच्या महिन्यात नवा अल्बम उतरवू नका. आहे त्यातला एकच सोलो घ्या, आर्मस्ट्राँगचा १९२८ चा 'वेस्ट एंड ब्लूज' घ्या, आणि तोंडाने पूर्ण म्हणता येईपर्यंत ऐका. वाद्य येत नसलं तरी चालेल. मग कळेल सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत काय काय भरलंय.

दुसरी: घरात लग्न असेल तर डीजेच्या पैशात बँड सांगा. विसार वेळेवर द्या, वाजवणाऱ्यांची नावं विचारा आणि पत्रिकेत छापा. केटररचं नाव छापता, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' छापता, तिथे क्लॅरोनेटवाल्याचं एक नाव जड होईल?

तिसरी: पहिल्या पंगतीत वाजंत्री. पाहुण्यांच्या ओळीत, त्याच ताटात. एखादा आत्याचा नवरा रुसेल. रुसू द्या.

हे जमत नसेल तर हरकत नाही. पण मग कृपा करून कोल्ट्रेनचं नाव घेऊन डोळे मिटू नका. तोही कोणाच्या तरी दारात वाजवणाराच होता.